गोळीबंद ब्रिगादेरो

एकोणीसशे चौऱ्याण्णव साल. ते लक्षात राहण्याचं कारण असं की त्या हिवाळ्यात ऑकलंडची धरणं तळाला गेली होती, आणि त्याच हिवाळ्यात ब्राझीलने फुटबॉलचा विश्वचषक जिंकला. पाणी जपून वापरा म्हणून टीव्हीवर सारखं सांगत असत. शॉवर सोडून बादलीवर यावं लागलं म्हणून शेजारपाजारचे लोक हळहळायचे. आमच्याकडे हे म्हणायचे, "आशा, शेवटी जग आपल्या बादलीवर आलंच की नाही!"

हे म्हणजे माझे यजमान, गुरुनाथ. न्यू लिनला एका केमिस्टच्या दुकानात ते फार्मासिस्ट होते. मी हॉस्पिटलात म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डमध्ये नर्स. आमची एकुलती एक देवयानी तेव्हा सोळा वर्षांची होती. मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीत यायचं.

आमच्याच ड्राइव्हवेवर मागच्या युनिटमध्ये एक ब्राझीलची बाई राहायची. तिचं नाव लिहायचं एक आणि म्हणायचं दुसरंच, म्हणायचं 'नेजी'. यांना ते नाव फार आवडलं होतं. "नावातच 'जी' आहे, वेगळा मान द्यायची गरज नाही," असं म्हणायचे. नेजी आमच्याच हॉस्पिटलच्या किचनमध्ये होती. स्वयंपाकाला नव्हे, जेवणाचे ट्रे वॉर्डावॉर्डांतून ढकलत न्यायचे आणि रिकामे परत आणायचे, हे तिचं काम. आमची पाळी एकच, म्हणून सकाळी ती माझ्या गाडीतून यायची. तिचं इंग्रजी तुटक, माझं पुस्तकी, तरी बोलणं कधी अडलं नाही.

ब्राझील जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी ती गाडीत बसली, आणि मी म्हटलं, "काय गं, जगज्जेते झालात, आणि रिकाम्या हाताने येतेस? पेढे कुठायत?"

"पेढे म्हणजे?"

"दुधाची मिठाई. चांगली बातमी असली की आम्ही वाटतो."

ती म्हणाली, "आशा, येत्या शनिवारी सिलेनीचा वाढदिवस आहे. तिला ब्रिगादेरो हवेत. मला ते येत नाहीत."

सिलेनी तिची मुलगी. चार वर्षांची असताना नेजीने तिला आपल्या आईकडे ठेवलं आणि एका न्यूझीलंडच्या माणसाशी लग्न करून इकडे आली. तो माणूस पुढे ऑस्ट्रेलियात गेला तो गेलाच. पाच वर्षांनी, त्या फेब्रुवारीत, नेजीने मुलीला आणवलं. पण तिच्या आईने एक अट घातली होती: दहाव्या वाढदिवसाला मी फोन करीन, आणि पोरीलाच विचारीन. ती 'इथे राहते' म्हणाली तर राहू दे. 'परत यायचंय' म्हणाली तर परत पाठवायचं, वाद घालायचा नाही.

"मग? काय म्हणेल ती?" मी विचारलं.

"ती मला नेजी म्हणते, आशा," नेजी म्हणाली. "आई म्हणत नाही. दुकानातल्या बाईला हाक मारतात तशी मारते." थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "काल म्हणाली, ब्रिगादेरो नसतील तर तो वाढदिवसच नाही. आणि तुला तर येतच नाहीत."

नेजी सोळाव्या वर्षापासून लोकांच्या घरी कामाला होती. पोरं सांभाळली, कपडे धुतले. चुलीपाशी कुणी उभं केलं नाही. आदल्या आठवड्यात तिने एकदा करून पाहिलं होतं, तर बासुंदीसारखं पातळ झालं.

"काय काय लागतं?"

"कंडेन्स्ड मिल्क, कोको, लोणी. ढवळायचं. घट्ट झालं की गोळे करायचे, चॉकलेटच्या दाण्यांत घोळवायचे."

"एवढंच? मग ते आपल्या हातचं काम," मी म्हटलं. पेढे, वड्या, तिळाचे लाडू यांत माझा जन्म गेला होता. घरी आल्यावर यांना सांगितलं तर हे हसत सुटले. "ब्रिगादेरो म्हणजे ब्रिगेडियर! लष्करी लाडू म्हण की. नीट कर हो, नाहीतर कोर्ट मार्शल होईल."

शुक्रवारी पाळी संपल्यावर आम्ही माझ्या स्वयंपाकघरात उभ्या राहिलो. कंडेन्स्ड मिल्कचे डबे फोडले, कोको चाळला, लोणी घातलं. नेजी ढवळत होती. जरा दाट झाल्यावर म्हणाली, "झालं असेल?"

"थांब. मागच्या वेळी पातळ राहिलं ना? आज तसं होऊ द्यायचं नाही."

मी वाटीत गार पाणी घेतलं, त्यात थेंब टाकला. बोटांत मऊ गोळी झाली. तिथेच थांबायला हवं होतं. पण मला माझ्या सासूबाईंची चिक्की आठवली. पाक गोळीबंद झाला हे त्या कानाने ओळखायच्या. पाण्यातली गोळी ताटलीवर टाकली आणि टण् वाजली की पाक झाला. मी आणखी ढवळायला लावलं. गोळी ताटलीवर टण् वाजली. "आता बघ कशी फसते!" मी म्हटलं.

"माझी आई गार होऊ द्यायची, मग वळायची," नेजी चाचरत म्हणाली.

"गार झाल्यावर कुठे वळतंय? तिळाचे लाडू आम्ही गरमच वळतो. हाताला तूप लाव आणि सुरू कर."

आम्ही फुंकर मारमारून, हाय हुय करत गोळे वळले. दिसायला सुरेख झाले. सगळे एका मापाचे, वरून चॉकलेटचे दाणे, खाली कपकेकच्या कागदी वाट्या. देवयानी शाळेतून आली आणि दारातूनच म्हणाली, "ओह, स्मेल्स लाइक दिवाळी!"

मला ती स्तुतीच वाटली. तिथेच खरं तर कळायला हवं होतं. गोडाचं पातेलं उतरवताना माझ्या हाताने सवयीने वेलचीची पूड घातली होती आणि वर जायफळ किसलं होतं. हात काय करतो ते डोक्याला कळलंच नव्हतं. नेजी बघत होती, पण तिला वाटलं, घट्ट होण्यासाठी घालत असेल.

देवयानीने एक उचलायला हात पुढे केला, तो मी उलथन्याने मागे सारला. "खबरदार! वाढदिवसाचं गोड आहे. आधी देवापुढे."

नेजी हसली. "माझी आईसुद्धा असंच हातावर मारायची. वाढदिवसाचं गाणं होईपर्यंत ब्रिगादेरोला कुणी हात लावायचा नाही."

"बघ! सगळीकडच्या आया सारख्याच," मी म्हटलं. त्यामुळे झालं असं की चाखलं कुणीच नाही. मी देवामुळे चाखलं नाही, नेजीने गाण्यामुळे.

शनिवारी दुपारी नेजीच्या युनिटमध्ये आम्ही तिघं आणि सिलेनीच्या वर्गातल्या चार मुली जमलो. बारीक पाऊस होता, हीटर लावला होता. फोन टेबलाच्या कडेला, सगळ्यांच्या नजरेसमोर होता. नेजीची आई तिकडच्या मध्यरात्री फोन करणार होती. म्हणजे तिकडे वाढदिवसाची तारीख लागताक्षणी, आणि आमच्याकडे दुपारी तीनला. नेजी दर थोड्या वेळाने फोन उचलून कानाला लावायची, लाइन चालू आहे का बघायला.

सिलेनी सावळी, काटकुळी पोर. निळा फ्रॉक घालून ती ताटाकडे बघत होती. मला वाटलं, पहिल्यांदाच तिच्या तोंडावर जरा हसू आहे. गाणं झालं, मेणबत्त्या विझल्या, आणि पाच हात ताटाकडे गेले.

कटकन आवाज आला. मग दुसरा. सामोआ बेटांकडच्या एका मुलीने गोळा तोंडातून बाहेर काढून तळहातावर ठेवला, त्याच्याकडे बघितलं, आणि ती हसायला लागली. देवयानी माझ्या कानाशी म्हणाली, "आई, इट्स अ गोटी. लिटरली अ गोटी."

"बाळांनो, चघळा. सुटेल हळूहळू," हे म्हणाले. स्वतः एक तोंडात घातला, गालात इकडून तिकडे फिरवला आणि मला मराठीत म्हणाले, "चव काजूकतलीच्या आत्याची आहे. पण फुटत नाही."

सिलेनी हसली नाही. तिने गोळा परत कागदात ठेवला आणि नेजीला पोर्तुगीजमध्ये दोन-तीन शब्द बोलली. नेजीचा चेहरा पडला. मला अर्थ लागला नाही, पण लावायचीही गरज नव्हती. घड्याळात तीनला थोडा अवकाश होता.

"चूक माझी आहे," मी पोरीला इंग्रजीत म्हटलं. "तुझी आई थांब म्हणत होती. मीच आटवत नेलं. आणि वेलची घातली."

"वेलची काय?" तिने विचारलं.

मी सांगितलं. तिने नाक मुरडलं. मग अचानक विचारलं, "चमचा ओढल्यावर तळ दिसला, तेव्हा थांबला नाहीत?"

"कोणता तळ?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की आमच्या शाळेतल्या बाईंनी तसं कधी बघितलं नसेल. आजीशेजारी स्टुलावर उभी राहून वाढलेली पोर ती. "चमचा मधून ओढायचा. पातेल्याचा तळ दिसतो. मग दूध परत मिटतं. लगेच मिटलं तर अजून हवं. हळू मिटलं तर झालं. तुम्ही किती वेळ ढवळलंत?"

"बराच," नेजी पुटपुटली.

कंडेन्स्ड मिल्कचे दोन डबे उरले होते, ते यांनी आमच्या घरून पळत जाऊन आणले. पोरी ओट्याभोवती जमल्या. सिलेनी खुर्चीवर चढली, पण चमचा तिने स्वतः धरला नाही. नेजीच्या हातात दिला आणि म्हणाली, "तू." नेजी ढवळायला लागली. सिलेनी तिच्या कोपराशी उभी राहून हुकूम सोडत होती. हळू. कडेने. आता मधून. नेजी तळ दिसला की तिच्याकडे बघायची आणि ती मान हलवायची: नाही, अजून. मला तर तिने ओट्याजवळही येऊ दिलं नाही. "नो कार्डमम," म्हणाली. मी हात मागे बांधून उभी राहिले.

तेवढ्यात फोन वाजला.

नेजीचा हात थांबला. सिलेनी ओरडली, "थांबू नको, लागेल!" आणि खुर्चीवरून उडी मारून तिनेच फोन उचलला. "वोवो!" म्हणाली. वोवो म्हणजे आजी, एवढं मला माहीत होतं. मग ती भडाभडा बोलत राहिली. मधे थांबली, ऐकलं. प्रश्न आला असणार. नेजी पाठमोरी ढवळत होती. तिची मान ताठ झालेली मला दिसत होती. मला एकही शब्द कळत नव्हता, फक्त एक कळला, आणि तो दोनदा आला: "मामाय". आपल्या 'माय'सारखाच. नेजीने तो ऐकला आणि चमचा तिच्या हातून पातेल्यात घसरला.

सिलेनीने फोन हाताने झाकला आणि आईला काहीतरी दरडावून सांगितलं. नेजी रडता रडता चमचा शोधून परत ढवळायला लागली.

पुढे गाडीत तिने मला सांगितलं. आजीने विचारलं होतं, येतेस का घरी? पोर म्हणाली, आत्ता नाही येता येत वोवो. मामायला ब्रिगादेरोसुद्धा येत नाहीत. इथली एक बाई तिला चुकीचं शिकवतेय. मामायला मीच शिकवायला पाहिजे.

"ती चुकीचं शिकवणारी बाई म्हणजे मी का?" मी विचारलं.

"तूच," नेजी म्हणाली आणि डॅशबोर्डवर डोकं ठेवून हसत राहिली.

दुसरी खेप गार होऊ दिली, मग लोणी लावलेल्या हातांनी पोरींनी वेडेवाकडे गोळे वळले. एकही एका मापाचा नव्हता. तोंडात घातला की जिभेवरच विरघळत होता. सामोअन पोरीने सात खाल्ले.

सिलेनी राहिली. आता ती हॅमिल्टनच्या बाजूला गाईगुरांची डॉक्टर आहे, रबरी बूट घालून चिखलात उभी असते. आजी सत्त्याण्णव साली एकदा येऊन गेली, मला ताट भरून ब्रिगादेरो करून दाखवले आणि त्यानंतर सहा वर्षांनी आपल्या गावीच वारली. नेजी निवृत्त होईपर्यंत ट्रेच ढकलत राहिली. आता लेकीजवळ राहते आणि नातवंडांच्या वाढदिवसाला ओटा तिच्याच ताब्यात असतो. देवयानीने क्राइस्टचर्चला घर केलं, रिकार्टनमध्ये. हे गेल्यापासून मी तिच्याकडेच असते. तिची मुलं माझ्याशी इंग्रजीत बोलतात आणि ती त्यांना मराठीत रागावते.

यांनी पहिल्या खेपेच्या कडक गोळ्यांचा डबा टाकू दिला नव्हता. महिनाभर दुकानात जाताना खिशात एक घेऊन जायचे आणि दिवसभर चघळायचे. शेवटी एका गोळ्याने त्यांची दाढ गेली. डेंटिस्टने विचारलं, काय चावत होतात? हे म्हणाले, ब्रिगेडियर.

मागच्या वर्षी सिलेनीने ब्रिगादेरोंचं पार्सल पाठवलं. मऊ होते, नीट जमलेले. एक तोंडात घातला आणि थांबले. वेलची होती. फोन करून विचारलं तर म्हणाली, "थोडीशीच, आंटी. मुलांना आता तशीच सवय झालीय."