रविवारची देवी

महादेवप्पा सरांनी नारळ आपल्या मेडिकल प्रवेश क्लासच्या समुपदेशन कक्षात टेबलावर ठेवला आणि तो घरंगळू नये म्हणून त्याला पेपरवेटचा टेकू दिला.

"मॅडम, हा होस्टेलात सापडला. पहिला न्हाई. लोकं पोरी पाठवायलेत डॉक्टर व्हायला, आणि इथं देवीचं ठाणं बसायलंय!"

अपूर्वानं नारळ फिरवून पाहिला. हळदकुंकू लावलेलं होतं आणि शेंडीत चिठ्ठी खोचली होती. मोत्यासारख्या अक्षरात विचारलं होतं, 'आई, फिजिक्स निघेल का?'

भानगड अशी होती की किनवटकडच्या उज्वलाच्या अंगात देवी येत होती. माहूरची रेणुकाई. देवीनं मंगळवारी यावं, शुक्रवारी यावं, त्याला कुणाची हरकत नसते. ही रविवारी यायची, आठवड्याच्या चाचणीच्या सकाळी, आणि बहुतेक केमिस्ट्रीच्या पेपराआधी. उज्वला आंध समाजाची. आदिवासी कोट्यातून तिला सहज जागा मिळणार, असं होस्टेलातल्या मुलींनी आल्या दिवसापासून ठरवून टाकलं होतं. "तुला काय टेन्शन, तुमचा कटऑफ दारातच ठेवलेला असतो," असं त्या तिला येता-जाता ऐकवायच्या. आता त्याच मुली अनवाणी येऊन, हात जोडून, तिलाच आपला कटऑफ विचारत होत्या. मागच्या रविवारी देवीनं नांदेडच्या एका डॉक्टरांच्या मुलीला बाथरूम घासायला सांगितलं आणि त्या मुलीनं ते घासलं. रेक्टर सरजाबाईंना हे वर्षभरात जमलं नव्हतं, म्हणून त्याही देवीच्या बाजूच्या झाल्या होत्या.

"तिला गोळ्या द्या कायतरी," सर म्हणाले.

"सर, मी गोळ्या देत नाही. मी बोलते."

"बोलतो तर आम्हीबी," सर म्हणाले.

समुपदेशकांविषयी सरांचं मत भूकंपात बनलं होतं. औसा तालुक्यातलं त्यांचं गाव आडवं झालं तेव्हा ते कॉलेजात होते. पत्र्याच्या शेडमध्ये शहरातल्या एक बाई आल्या आणि त्यांनी सरांच्या आजीच्या हातात रंगखडू देऊन मनातलं चित्र काढायला सांगितलं. आजीनं म्हैस काढली. बाईंनी त्या म्हशीत बरंच काही पाहिलं, आजीच्या बालपणापर्यंत जाऊन आल्या. म्हैस ढिगाऱ्याखाली गेली होती आणि आजीला म्हैस पाहिजे होती, एवढंच कुणी विचारलं नाही. तरीही, क्लास मोठा झाला तशी 'समुपदेशक आहे का' अशी चौकशी पालक करायला लागले, म्हणून सरांनी अपूर्वाला नेमलं. दारावर पाटी लागली. आत टिश्यू पेपरचं खोकंही आलं. ते सर स्वतः डब्यातलं तेल पुसायला न्यायचे.

अपूर्वा नांदेडची, मास्तरांच्या घरातली. अंगात येणं हा शब्द त्या घरात केसांत उवा झाल्यासारखा दबक्या आवाजात उच्चारला जाई. पण मुंबईत शिकताना तिला एक चांगल्या बाई भेटल्या होत्या. त्या सांगायच्या, दुसऱ्याच्या देवाला हसू नका, त्याला आजारही म्हणू नका. त्याच्या घरात कुणाला बोलायची मुभा नाही ते आधी शोधा. हे अपूर्वाला इतकं पटलं होतं की उज्वला पहिल्यांदा कक्षात आली तेव्हा तीच खुर्चीतून उठली आणि हात जोडून म्हणाली, "देवीला काय सांगायचंय?"

उज्वलानं घाबरून मागे पाहिलं.

"मॅडम, आता ती न्हाई. मीच हाय."

पुढच्या भेटींत दोघींचं जमलं. अपूर्वानं हात जोडणं सोडलं आणि उज्वला शेंगदाणे आणायला लागली.

"पहिल्या खेपेला ती खरंच आली," शेंगा फोडता फोडता उज्वलानं एकदा सांगितलं. "झोप नव्हती, डोकं गरगर करून राहिलं होतं. आली ते आलीच. मग मी पाहिलं, सगळ्या हात जोडून राहिल्या. तवापासून मी बोलवून राहिले."

"बोलावल्यावर येते?"

"कधी येते. कधी मलाच घुमावं लागते."

"पण जे सांगायचं ते तू स्वतःच्या आवाजात का नाही सांगत?"

"माझ्या आवाजात सांगितलं की गप बस म्हणतात. देवीला नारळ भेटते."

अपूर्वा पाणी प्यायली. दोन वर्षांत जे तिला शिकवलं गेलं होतं ते या मुलीनं शेंगा फोडता फोडता सांगून टाकलं होतं.

"आणि सांगायचं काय आहे?"

"मला डॉक्टर न्हाई व्हायचं. वनरक्षकाच्या भरतीत उतरायचं हाय. मी लई पळते, मॅडम."

"फॉरेस्ट गार्ड?" अपूर्वाला आश्चर्य लपवता आलं नाही. तिच्या घरात कुणाच्याही स्वप्नात काठी नव्हती.

"माझ्या आज्याला गार्डानं मारलं होतं. डोक्यावर सरपणाची मोळी होती, तेवढ्यापायी. कंबर मोडली, मग तो बसूनच राहिला. मोठेबाबा म्हणतात, म्हणून तू डॉक्टर हो. मी म्हणते, डॉक्टर झाले तर मोडलेल्या कंबरा पाहत बसीन. गार्ड झाले तर मोडूच देणार न्हाई."

अपूर्वाला ती मुलगी त्या क्षणी फार आवडली. तिनं ठरवलं की हे वाक्य घरच्यांसमोर, देवीशिवाय, उज्वलाच्याच तोंडून निघालं पाहिजे. तालीम सुरू झाली.

"'मला वाटतं' असं म्हणून सुरुवात कर."

"आमच्याकडं 'मला वाटते' फक्त मोठेबाबा म्हणतात. बाकीच्यांना काय वाटते ते पण तेच सांगतात."

मग अपूर्वा चष्मा नाकाच्या टोकावर ओढून मोठेबाबा झाली, आणि उज्वला हसून हसून वाक्य विसरली. पण हळूहळू जमलं. देवीला बोलवायचं नाही, असा शब्दही तिनं दिला.

मोठेबाबा म्हणजे उज्वलाचे थोरले काका आप्पासाहेब. आश्रमशाळेचे मुख्याध्यापक, घरातले आणि आसपासच्या गावांतले पहिले शिकलेले. किनवटच्या बसस्टँडसमोर त्यांनी 'समाजातील पहिली भावी डॉक्टर' असा फ्लेक्स आधीच लावून टाकला होता. त्यावर पुतणीपेक्षा काकांचा फोटो मोठा होता. ठरल्या दिवशी ते कडक इस्त्रीत आले. मागून त्यांचे धाकटे भाऊ, उज्वलाचे वडील किशनराव, खांद्यावर टॉवेल टाकून आले आणि भिंतीला लागून उभे राहिले.

"बसा ना," अपूर्वा म्हणाली.

"बसतो," किशनराव म्हणाले आणि उभेच राहिले. मोठ्या भावासमोर ते खुर्चीवर बसत नसत.

उज्वलानं सुरुवात केली. तिनं एकही शब्द गाळला नाही. भरती, पळणं, आजा, मोळी, कंबर.

आप्पासाहेबांनी चष्मा काढला.

"ज्या वर्दीनं माझ्या बाला मारलं, ती तू अंगावर घालशील? आणि मी जेवायला वाढीन?"

"म्हणूनच तर, मोठेबाबा."

"गप बस."

"काका, तिचं म्हणणं एकदा..." अपूर्वा मध्ये पडली.

"मॅडम, तुमच्या घरात डॉक्टर किती?"

अपूर्वानं मनात मोजलं. काका, आत्या, मामेभाऊ.

"आमच्या समाजात मोजायला बसलो तर हाताची बोटं उरतात. तुमच्या लोकायच्या हाताखाली आम्ही लई दिवस गार्डं, शिपाई झालो. तुमची पोरगी कराल गार्ड?"

अपूर्वाला लाज वाटली, आणि त्याहून जास्त हे वाटलं की माणसाचं चूक नाही. उज्वलाची मान खाली गेली होती. आता ही घुमायला लागणार, अशी अपूर्वाला भीती वाटली. खरं सांगायचं तर थोडी आशाही वाटली. पण उज्वला दिला शब्द पाळत, बोटात बोट अडकवून, तशीच बसून राहिली. डोळ्यांतलं पाणी तेवढं गळत होतं.

"हूंऽऽ," असा आवाज आला.

सगळ्यांनी उज्वलाकडे पाहिलं. तिनं भिंतीकडे पाहिलं.

किशनराव घुमत होते. टॉवेल खाली पडला होता, मान गोल फिरत होती, मिशा थरथरत होत्या.

"आप्प्या!"

आई गेल्यापासून आप्पासाहेबांना कुणी आप्प्या म्हटलं नव्हतं. ते उठून उभे राहिले.

"जंगल कोणाचं रे, आप्प्या?"

"तुझं, आई," आप्पासाहेबांच्या तोंडून निघून गेलं. त्यांनी घाईघाईनं बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढले आणि हात जोडले.

"मग राखण माझी पोरगी करंल. तू मधात येऊ नको. वर्दी तिच्या अंगावर चढू दे. हूंऽऽ!"

दार उघडलं. बाहेर कान लावून उभे असलेले महादेवप्पा सर आत आले आणि त्यांनी थेट किशनरावांच्या पायावर डोकं ठेवलं.

"आई, यंदा क्लासचा निकाल..."

"तू गप," देवी म्हणाली.

थोड्या वेळानं घुमणं थांबलं. उज्वलानं वडिलांना पाणी दिलं. किशनराव जवळच्या खुर्चीवर बसून ते प्याले आणि "काय झालं?" असं त्यांनी हळूच विचारलं. अपूर्वानं त्यांच्या डोळ्यांत पाहायचा प्रयत्न केला, पण ते टॉवेल झटकण्यात गुंतले होते. देवी खरंच आली होती की नाही, हे तिला कळलं नाही आणि विचारावंसंही वाटलं नाही. उज्वला वडिलांकडे अशी पाहत होती की जणू त्यांची तिची आजच ओळख झाली.

"आईनं सांगितलं, तर मग झालं," आप्पासाहेब म्हणाले. "फ्लेक्स उतरवावा लागंल."

बाप-लेक सरांबरोबर होस्टेलातलं सामान आणायला गेले. जिन्यावरून उज्वलाचं हसणं ऐकू आलं. आप्पासाहेब मागे राहिले. ते खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते. एवढ्या वेळात एखाद्यानं पाच-सहा बूट बांधले असते.

"मॅडम," ते न उठताच म्हणाले, "तुमच्याकडं पोरंच येतात का? मोठ्या माणसांना चालते?"

"चालतं की."

"बाला मारलं तवा मी संगं होतो. लहान मोळी माझ्या डोक्यावर होती. किसन तवा आईच्या पोटात." त्यांनी नाडी ओढून घट्ट केली. "मी मोळी टाकून पळालो. बाला तिथंच सोडून."

अपूर्वानं हातातलं पेन खाली ठेवलं.

"घरात कोणाला म्हाईत न्हाई. कसं सांगावं? किसनच्या अंगात येते, पोरीच्या अंगात येते. त्यायचं निघून जाते. मी शिकलो, मॅडम. माझ्या अंगात काही येत न्हाई."

अपूर्वानं उठून दार लावून घेतलं. आप्पासाहेबांनी बांधत आणलेली नाडी पुन्हा सोडली, बूट भिंतीशी नीट लावून ठेवले आणि ते खुर्चीवर बसले.