काचेआडची घोंगडी

माझ्या मालकांचं नाव महिपती. एकदा घेतलं, पुन्हा घ्यायला लावू नका. सगळं अंथुर्णं गाव त्यांना हवालदार म्हणतं, तवा मी बी तेच म्हणते. मी सारजा. आमच्या सासऱ्यांच्या वक्ताला दोनशे मेंढरं व्हती. पाटाचं पाणी आलं तशी मेंढरं गेली, आता ऊस हाय आन् वांगी हायती.

तर ऐका. लगीन झालं तवा हवालदार पलटणीत व्हतं. वर्सातनं एकदा सुट्टीवर यायचं. मी काय केलं, कोकरांची पयल्या कातरणीची लोकर बाजूला काढली. जावळ म्हणतो आमी तिला. लई मऊ असती, पर एका कोकराची निघती मूठभर. दोन वर्सं जमवली, रातचं कातली, सणगराकडनं विणून घेतली. अशी घोंगडी झाली की सासूबाईंचा बी जीव जडला तिच्यावर. मी म्हणलं, न्हाय, ही त्यांची. एकाहत्तरच्या दिवाळीला त्यांच्या खांद्यावर घातली आन् बारामतीच्या श्टॅंडवर निरोप दिला.

लढाई झाली. हवालदार धडधाकट माघारी आलं. ट्रंक आली, वळकटी आली, छातीवर बिल्ला आला. घोंगडी न्हाय.

"घोंगडी कुठाय?" मी इचारलं.

"हरवली," म्हणालं. आन् मान खाली.

आता मला सांगा. हा मानूस पलटणीच्या कोतावर व्हता. कोत म्हंजे बंदुका ठिवायची खोली. शेकडो बंदुका, एकेकीचा नंबर तोंडपाठ, कधी एक खिळा गहाळ झाला न्हाय. त्याची घोंगडी हरवती? माझ्या डोस्क्यात तवाच किडा शिरला. म्हणलं, ही गेली कुठल्यातरी बाईच्या अंगावर.

मग काय, दर थंडीला आमच्या घरात एकच भांडण. "कुणाला पांघरली, सांगा की एकदा!" मी म्हणायची, आन् हवालदार खोरं घेऊन शेताकडं चालू लागायचं. भांडलं असतं, हात उगारला असता, तरी मला बरं वाटलं असतं. पर न बोलणाऱ्या मानसाचं काय करायचं? त्या सटवीला मी न बघता काय काय बोलले म्हणता! तिचं अंग गार पडू दे, तिच्या तोंडात माती जाऊ दे. पंचवीस वर्सं. पोरांची लग्नं झाली, सुना आल्या, माझा किडा हाय तितंच.

शाण्णव सालच्या डिसेंबरात पलटणीचं पत्र आलं. लढाईला पंचवीस वर्सं झाली, तर जुन्या शिपायांनी बायकापोरांसकट छावणीत यावं. म्युझियम बघावं, जेवण करावं.

"तितं काय हाय बघायला? जुन्या बंदुका," हवालदार म्हणालं. "मी एकटाच जाऊन येतो."

एकटाच! मी म्हणलं, सापडला. ती तितंच राहत असणार. लुगडं बदललं आन् यष्टीत जाऊन बसले. संगं धाकटी सून संजीवनी घेतली, बारावी शिकलेली. म्हणलं, वाचायबिचायची येळ आली तर असू दे.

छावणीत उतरल्यापासनं मी एकच काम केलं. चाळीशीच्या पुढची बाई दिसली की तिला वरपासनं खालपर्यंत बघायची. एक बिचारी चहावाली तर घाबरूनच गेली.

कोत मात्र बघण्यासारखं व्हतं, खोटं कशाला बोलू. दगडी इमारत, हातभर जाडीच्या भिंती, एकच दार, खिडक्यांना गज. आता तितंच म्युझियम केल्यालं. दाराशी मी चपला काढल्या. आत लाकडी चौकटींत बंदुका वळीनं उभ्या, एकेकीच्या दस्त्यावर दसऱ्याच्या पूजेचं कुकू अजून सुकलेलं. हवालदार आत शिरलं आन् एकदम तीस वर्सांचं झालं की हो! "ह्या साखळीनं सगळ्या बांधायच्या. ही चावी माझ्या कमरंला. सही केल्याबिगर साहेबाला सुदिक बंदूक मिळायची न्हाय." दोन तरणे जवान त्यांच्यामागं फिरून इचारत व्हते आन् हवालदार सांगत व्हतं. घरात दिवसाला चार शबूद बोलणारा मानूस! मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. म्हणलं, जाऊ दे सारजे, आता सोड तो राग.

तवाच पुढच्या खोलीत गेलो. काचेची कपाटं. लोखंडी टोप, पाण्याची बाटली, फाटका बूट. आन् शेवटच्या कपाटात, चौघडी केलेली, काळी, कडंला दोन पांढऱ्या रेघा.

मी थांबले. माझ्या हातांनी आदी वळखली, मग डोळ्यांनी.

"चला, जेवायची येळ झाली," हवालदार म्हणालं. त्यांचं तोंड चुन्यावानी पांढरं पडल्यालं.

"संजीवनी, वाच गं ती पाटी."

संजीवनीनं वाचलं, "शत्रूकडून जप्त केलेलं कांबळं. एकोणीसशे एकाहत्तर."

"शत्रू?" मी म्हणलं. "कोण शत्रू? मी व्हय? माझी घोंगडी हाय ती!"

मग माझा जो पट्टा सुटला, सगळी खोली गोळा झाली. म्युझियमचं सुभेदार पळत आलं. मानसिंग नाव, साताऱ्याकडचं, तोंडाचं गोड. "मावशी, अशी कांबळी कैक असत्यात," म्हणालं.

"कैक असतील. जावळाची न्हाईत. कडेच्या रेघा बघा, एक रुंद हाय आन् एक बारीक, पांढरी लोकर सरली म्हणून. आन् डावा कोपरा चाचपा. आत बिरोबाचा भंडारा शिवलाय मी, मानूस जित्ता परत यावा म्हणून. नसला तर मला हितनं हाकलून द्या!"

हवालदार माझा पदर वढत व्हतं. "सारजे, गप. हात जोडतो, गप." म्हणलं, आता का? आता गप न्हाय बसायची.

सुभेदारांनी किल्ली काढली, कपाट उघडलं. कोपरा चाचपला. पात्यानं दोन टाकं उसवलं आन् त्यांच्या तळहातावर चिमूटभर भुकटी सांडली. पार फिकटली व्हती, पर पिवळीच.

"मावशी, तुमचीच हाय," सुभेदार हळू म्हणालं. मग त्यांनी वही उघडली, बोट ठिवून वाचलं, आन् हवालदारांकडं बघितलं. "पर हितं नोंद हाय. ही घावली ती शत्रूच्या एका मेलेल्या शिपायाच्या अंगावर. नीट पांघरल्याली. हवालदारसाहेब, तुमची घोंगडी तितं गेली कशी?"

तवा कुठं माझ्या ध्यानात आलं मी काय करून बसले. सगळ्या पलटणीपुढं, त्यांच्या जुन्या सोबत्यांपुढं, माझ्या मानसाला मी माझ्या तोंडानं उभं केलं व्हतं. म्हणलं, "न्हाय हो सुभेदार, माझी न्हाय ती, मी चुकले..."

"तिचीच हाय," हवालदार म्हणालं. "मीच दिली."

मग भिंतीला टेकून बोललं. आवाज अगदी शांत.

"दारूगोळा पुढं पोचवून माघारी येत व्हतो. उसाच्या फडाच्या कडंला ते तिकडचं पोर पडल्यालं. पोटात गोळी. अठरा-एकोणीसचं असंल, मिसरूड बी धड फुटल्याली न्हाय. पाणी मागत व्हतं, पर पोटातल्या गोळीला पाणी देता येईना. मग थंडी वाजती म्हणलं. दात वाजत व्हतं त्याचं. खांद्यावर घोंगडी व्हती, टाकली अंगावर. डागदरला जाऊन सांगितलं, पर त्याच्यापुढं आपलीच पोरं रांगंनं निजवल्याली. परत जायला मला जमलं न्हाय."

"मग मला का न्हाय सांगितलं?" मी इचारलं. "मला, सारजेला?"

"त्या दिशी आपल्या तुकडीतली सात पोरं गेली, सारजे. माझ्या हातनं बंदुका घेऊन गेल्याली. त्यांच्यातल्या एकाच्या बी अंगावर मी पांघरूण टाकलं न्हाय. आन् ह्याच्या टाकलं. कोणाला सांगू? त्यांच्या आयांना? का तुला, दोन वर्सं लोकर येचून केल्यालीस तिला?"

आन् हवालदार रडलं. लगीन झाल्यापासनं पयल्यांदा मी त्यांना रडताना बघितलं, ते बी परक्या मानसांत. जुन्या सोबत्यांतला एक पुढं झाला, त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून उभा ऱ्हायला. म्हणलं, चला, निदान एकटं तरी न्हाईत.

सुभेदारांनी वही मिटली. "मावशी, मोठ्या साहेबांशी बोलतो. तुमची वस्तू हाय, तुमाला परत मिळावी."

पंचवीस वर्सं मी तेवढंच मागत व्हते. घोंगडी माझ्या पुढ्यात व्हती. हात लावला. तशीच मऊ. आन् एका जागी, मधोमध, लोकर चिकटून दगडावानी कडक झाल्याली. तितनं माझा हात निघंना.

म्हणलं, ह्या पोराला मी सटवी म्हणाले. गार पड म्हणाले, तोंडात माती जाऊ दे म्हणाले, दर थंडीला, चुलीपुढं उबंला बसून. त्याची आई कुठंतरी वाट बघून बघून मेली असंल, तिला एवढं बी कळलं नसंल की कुणीतरी पांघरूण घातलं. माझ्या जिभंला काय झालं व्हतं? त्या कडक जागेवर हात ठिवून मी म्हणलं, "लेकरा, चुकले रं. मला ठावं नव्हतं."

"नाव काय त्याचं?" हवालदारांना इचारलं.

"इचारायचं ऱ्हायलं," म्हणालं.

"सुभेदार," मी म्हणलं, "मला नको परत. त्याच्या अंगावरची हाय ती. पाटीवर काय लिवायचं ते तुमचं तुमी बघा, पर जप्त केली म्हणू नका. आन् सुईदोरा असला तर द्या, कोपरा उसवलाय."

सुभेदारांनी टेबलाच्या खणातनं सुई आणली. भंडारा त्यांच्या हातावरनं माझ्या हातावर घेतला, चिमूट न् चिमूट परत कोपऱ्यात भरला. पर दोरा काय सुईत जाईना. डोळं भरल्यालं, काय दिसतंय? तवा हवालदारांनी माझ्या हातनं सुई घेतली, दोरा ओवला, गाठ मारली, आन् मी कोपरा शिवस्तोवर घोंगडी धरून उभं ऱ्हायलं.