गन कोणत्या हातात

म्हातारीने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला पत्रा काढला आणि दुकानदाराच्या काचेच्या काउंटरवर ठेवला. जुन्या गाडीच्या दाराचा, वीतभर कापलेला तुकडा. मधोमध बोटभर खोल खाच.

"हे आणि काय?" दुकानदाराने विचारलं.

"परीक्षा. तुमच्या हीट गनची," म्हातारी म्हणाली. "वायर कुठे लावायची?"

मागे पिशवी धरून उभ्या असलेल्या सुनेला हसू आलं आणि तिने ते गिळलं. गाड्यांवर व्हिनाइलची फिल्म चढवण्यात सासूचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं, आणि हे सासूलाही पक्कं ठाऊक होतं. लोक रांग लावून थांबायचे, पण गाडी आजींच्याच हाताखाली द्यायचे. सुनेला या गोष्टीचा फार अभिमान होता. त्या अभिमानात आपला वाटा फिल्मच्या पाठचा कागद सोलण्यापुरता आहे, एवढंच काय ते तिला खुपायचं.

दुकानदाराने सगळ्यात भारदस्त गन पुढे केली. "ही घ्या आजी. सहाशे डिग्री. जुना रंगसुद्धा सोलून काढते."

"आम्हाला गाडी सजवायचीय, वितळवायची नाहीये."

दुसरी गन हलकी होती. म्हातारीने खाचेवर निळ्या फिल्मचा तुकडा ताणला, गन उजव्या हातात घेतली, डाव्या हाताच्या बोटाने फिल्म खाचेत दाबत नेली. मग वरून शेवटचा शेक दिला. सगळी मेख त्या शेकात असते. ताणलेली फिल्म आपली जुनी जागा विसरत नाही, दोन दिवसांनी खाचेतून उठून बसते. माणसाची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, फिल्मची मात्र नीट शेकली की जाते. कमी शेकली तर उठते, जास्त शेकली तर चकाकी जाऊन करपते. मधली जागा हाताला कळावी लागते.

सून मात्र फिल्मकडे बघत नव्हती. ती सासूच्या हातांकडे बघत होती. सात वर्षं तिने या बाईला गन डाव्या हातात आणि फिल्म दाबायची पट्टी उजव्या हातात धरूनच काम करताना पाहिलं होतं. उजव्या हाताची माणसं तशीच धरतात, कारण दाबायचं काम कसबाचं आणि ते सरावाच्या हाताला द्यायचं. सून डावखुरी. तिचं सगळं उलटं. लग्न होऊन आली तेव्हा सासूने पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, "अगं, तू तर आरशातली दिसतेस."

आणि आज सासूनेच हात बदलला होता.

खांदा, सुनेच्या लक्षात आलं. दोन महिने म्हातारीचा डावा खांदा धरला होता. कपाटावरचा डबा काढायलासुद्धा ती हाक मारायची. म्हणजे या वयात ही हात बदलेल, नव्याने शिकेल, पण गन काही सोडणार नाही. जुनी गन चांगली चालू असताना नवी घ्यायचा हट्ट कशासाठी, तेही आता तिला कळल्यासारखं वाटलं. तिला वाईट वाटलं आणि रागही आला. नेमका कशाचा राग, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

तसं बोलायला तिला तोंडच नव्हतं. तीन वर्षांपूर्वी एकदाच गन तिच्या हातात आली होती आणि तिने शाळेच्या बसच्या अख्ख्या पुढच्या भागाची फिल्म करपवली होती. सासू एक शब्द बोलली नाही. नुसती गन घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

"ही नको," म्हातारीने दुसरी गन परत सरकवली. "शेक थांबवायचं, गार हवेचं बटण अंगठ्याला येत नाही. उजव्या बाजूला आहे."

सुनेला राहवलं नाही. "आई, डाव्या हातात धरलीत तर बरोबर अंगठ्याखाली येतंय."

"मला कळतं."

"नाही, सवय नसलेल्या हाताने उद्या..."

"तू पिशवी धर."

सुनेने पिशवी धरली. दुकानदाराने आपलं लक्ष नाही असं दाखवत रद्दीची घडी घातली.

तिसऱ्या गनचं बटण डाव्या बाजूला होतं. म्हातारीने ती उजव्या हातात तोलली, डोळे मिटून अंगठ्याने बटण तीनदा खालीवर केलं, फिल्म शेकली आणि तुकडा गार होऊ दिला. मग खाचेवरून नख फिरवलं. फिल्म जागची हलली नाही.

"बांधा," ती म्हणाली. दुकानदाराने सुटकेचा निःश्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरत्या दवाखान्याची पांढरी गाडी त्यांच्या कारखान्यात उभी होती. दारांवर हिरवा पट्टा चढवायचा होता, आणि तो जाणार होता नेमका दाराच्या खोल खाचेतून. डॉक्टरीणबाई चार वाजता गाडी न्यायला येणार होत्या. सुनेने सवयीने फिल्मच्या गुंडाळीशी जाऊन कागदाचं टोक नखाने उचललं.

"ते ठेव. कागद मी सोलते," सासू म्हणाली आणि नवी गन तिच्यापुढे धरली.

सुनेने ती उजव्या हातात घेतली. अंगठा आपोआप बटणावर बसला. डाव्या हातात पट्टी.

"आई, तुम्ही काल दुकानात..."

"परवा खांदा फार ठणकत होता, म्हणून जुनी गन मी उजव्या हातात धरून बघितली." म्हातारी कागदाचं टोक शोधत होती, मान वर न करता बोलत होती. "बटण पलीकडच्या बाजूला. अंगठा पोचेपर्यंत तुकडा करपला. माझ्या हातून! चाळीस वर्षांत नाही झालं ते."

सुनेने अंगठा उचलून बटणाकडे बघितलं.

"बसची फिल्म तू नव्हतीस जाळली, त्या पलीकडच्या बटणाने जाळली. मला कळायला तीन वर्षं लागली. अक्कल म्हणतात ती उशिरा येते ती अशी. चल, सुरू कर, चारला बाई येतील."

सुनेचे डोळे भरून आले होते, पण फिल्मवर थेंब पडला तर फुगा येतो, म्हणून तिने ते आधी बाहीला पुसले. मग सुरुवात केली. म्हातारी कागद सोलत गेली, वीतवीत. खाचेपाशी सुनेचा हात थबकला तेव्हा ती फक्त कागद ओढायची थांबली. सुनेने फिल्म ताणली, खाचेत दाबली, शेक दिला, आणि नेमक्या वेळी अंगठा खाली ओढला. गार हवा सुटली. हिरवा पट्टा खाचेत असा बसला होता, जणू गाडीबरोबरच आला असावा. म्हातारीने वाकून पाहिलं आणि पुढचा कागद सोलायला घेतला.

डॉक्टरीणबाई चारच्या आधीच आल्या. गाडीभोवती एक फेरी मारली, दारापाशी थांबल्या आणि खाचेवरून अंगठा फिरवला. एकदा, मग परत एकदा.

"आजी, मानलं तुम्हाला. खांदा दुखतोय म्हणालात, पण हात तोच आहे हं अजून!"

सून हात पुसत मागे सरकली. अशा वेळी मागे सरकायची तिला सवय होती.

म्हातारीने खुर्चीवरून उठून तिला दंडाला धरून गाडीपुढे आणलं. म्हातारीच्या बोटांना अजून कागदाचा चिकटपणा होता.

"हा हात माझा नाही, बाई," ती म्हणाली. "हा हिचा. आणि डावा."