निळ्या टोकाची वायर

दातांत बॅटरी धरून काका टेबलाखाली शिरले आणि पहिल्याच झटक्यात त्यांचं डोकं कीबोर्डच्या फळीवर आपटलं.

"लागलं का हो भाऊजी?" वरून वहिनींनी विचारलं.

"अं अं," काका म्हणाले. तोंडात बॅटरी असताना माणसाला एवढंच खोटं बोलता येतं.

टेबलाखाली बॅटरीची खरं तर गरज नव्हती. भर दुपार होती आणि खिडकीतून उजेडाचा एक तुकडा थेट सीपीयूच्या डब्यावर पडला होता. पण बॅटरी, स्क्रू-ड्रायव्हर आणि कपाळावरची आठी या तीन वस्तूंशिवाय काकांनी आजवर कोणाचा कॉम्प्युटर दुरुस्त केलेला नव्हता. साऱ्या नात्यागोत्यात त्यांना कॉम्प्युटर काका म्हणत. आयुष्यभर त्यांनी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. पण घराण्यातला पहिला कॉम्प्युटर त्यांनी विकत घेतला होता, आणि वासरांत लंगडी गाय शहाणी या न्यायानं पुढचे सगळे कॉम्प्युटर त्यांच्याकडे चालत आले. त्यांची पद्धत साधी होती. आधी बंद करून पुन्हा चालू करायचं. तेवढ्यानं भागलं नाही तर सगळ्या वायरी काढून पुन्हा लावायच्या. तरीही नाहीच जमलं, तर कंपनीला नावं ठेवून चहा मागायचा.

आज मात्र ते आले होते ते बिघाडासाठी नव्हे.

सकाळी वहिनींचा फोन आला होता. "भाऊजी, ह्यांचा कॉम्प्युटर सुरू होत नाहीये. सवड काढून येता का?" एरवी काकांनी सवड काढायला आठवडा घेतला असता. आज ते पायात चप्पल अडकवून निघालेच. बायकोनं विचारलंही, "जेवून तरी जा. तिकडे काय आग लागलीय?"

आग लागली होती, फक्त ती बायकोला सांगण्यासारखी नव्हती.

दादा, म्हणजे काकांचे थोरले भाऊ, आजारपणाच्या शेवटच्या वर्षात या टेबलाशी बसून कॉम्प्युटरवरच्या चिमुकल्या कॅमेऱ्यासमोर बोलत. नातवंडांसाठी म्हणून जुन्या आठवणी सांगत आणि ते सगळं साठवून ठेवत. ते गेल्यावर काकांनी जाहीर केलं की दादाचा आवाज घराघरांत पोचवायची जबाबदारी माझी. त्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसणारी ती पाच-सहा चित्रं उचलली, सीडीवर टाकली, सीडी याच कॉम्प्युटरमध्ये घालून तपासली. दादांचा चेहरा आला, दादांनी घसा खाकरला. काकांनी तिथंच बंद केलं. चालतंय, एवढं त्यांना पुरे होतं. त्यापुढे ऐकायचा त्यांना धीर झाला नव्हता, असं ते स्वतःला सांगत. सवड झाली नव्हती, हेही तितकंच खरं होतं.

मग घरातली सगळी मंडळी एकदा जमली असताना प्रत्येकाच्या हातात एकेक सीडी पडली. वर मार्करनं, काकांच्या वळणदार अक्षरात, 'दादाच्या आठवणी'. काकांचं भाषण झालं. टाळ्या झाल्या. आणि वहिनींना त्यांनी मोठ्या मनानं सल्ला दिला, "आता हे डबडं भंगारात देऊन टाका वहिनी. सगळं सीडीवर आलंय."

नंतर महिनाभर कौतुकाचे फोन येत होते. आत्या म्हणाली, आवाज किती खणखणीत आलाय रे! मावसभाऊ म्हणाला, सगळ्यांनी मिळून पाहिली, कोणाच्या घशाखाली घास उतरेना. मेहुणे म्हणाले, डोळ्यांत पाणी आलं. आणि प्रत्येकाला काका म्हणाले, "माझंही तेच झालं."

गेल्या आठवड्यात ते मेहुण्यांकडे गेले, तर गॅलरीत कबुतरांना घाबरवायला दोऱ्यानं एक सीडी टांगलेली. वाऱ्यानं गिरकी घेऊन ती सरळ झाली आणि काकांना त्यांचंच वळणदार अक्षर दिसलं.

काकांनी मेहुण्यांना जे सुनावलं, ते शेजारच्या दोन गॅलऱ्यांनाही सुनावलं गेलं. माणूस गेला की त्याची हीच किंमत का? कबुतरं महत्त्वाची का? मेहुणे खाली मान घालून ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "पण कबुतरं फिरकत नाहीत हो अजिबात. तेवढं काम चोख करते."

सीडी दोऱ्यासकट काढून काका तडक घरी आले. तिच्यावर ओरखडे किती पडलेत हे दाखवून मेहुण्यांना पुन्हा एकदा लाजवायचं होतं. त्यांनी ती लावली. पाच-सहा चित्रं दिसली आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक बारीक वाकडा बाण. चित्र दाबलं की कॉम्प्युटर नम्रपणे सांगे, अशी फाईल सापडत नाही. काकांनी कपाटातली स्वतःची सीडी काढली. तीही तशीच.

त्या बाणाचा अर्थ त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळला. तो असला की ती फाईल नव्हे, फाईल कुठं ठेवली आहे याचा नुसता पत्ता. घर जागच्या जागी सोडून काकांनी साऱ्या नातेवाइकांना दारावरच्या पाट्या वाटल्या होत्या. आणि मग घर भंगारात द्यायला सांगितलं होतं.

तेव्हापासून त्यांच्या तोंडाची चव गेली होती. वहिनींना काय सांगायचं याची वाक्यं ते आंघोळ करताना जुळवत आणि टॉवेलनं अंग पुसेपर्यंत ती मोडून पडत. अशात सकाळचा तो फोन. म्हणजे कॉम्प्युटर होता! वहिनींनी सल्ला मानलाच नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी आपलं ऐकलं नाही याचा काकांना आनंद झाला. त्यांनी खिशात पेन ड्राइव्ह टाकला. बेत ठरलेला होता. मूळ फाईली गुपचूप उतरवायच्या, नव्यानं वाटायच्या, आणि सांगायचं की ही सुधारित आवृत्ती. वहिनींना पत्ता लागायचं कारण नाही.

टेबलाखाली त्यांना बिघाड लगेच सापडला. मॉनिटरची वायर, ती निळ्या टोकाची, निघून जमिनीवर पडली होती. काकांनी ती उचलली आणि क्षणभर तिच्याकडे पाहिलं. ही वायर सहजासहजी सुटत नाही. तिच्या दोन्ही बाजूंना स्क्रू असतात, ते उलटे फिरवल्याशिवाय ती जागची हलत नाही. आणखी एक गोष्ट त्यांना जाणवली. टेबलाखाली जळमट नव्हतं. डबा लखलखीत पुसलेला होता.

"वहिनी, ही वायर कोणी काढली होती का?"

"निघाली असेल," वहिनी म्हणाल्या. "जुनं झालंय ना सगळं."

काकांनी वायर बसवली आणि दोन्ही स्क्रू मनगटाला कळ लागेपर्यंत आवळले. दादांच्या शेवटच्या वर्षात हा कॉम्प्युटर दर पंधरवड्याला बिघडायचा. प्रत्येक वेळी बिघाड हाच, आणि प्रत्येक वेळी काकांनी तो शोधून काढला होता. दादा गेले आणि कॉम्प्युटरचं बिघडणंही थांबलं. कॉम्प्युटर बिघडला नाही की काकांना या घरी यायचं तसं काही कारण उरत नसे.

"जरा चहा टाकता का, वहिनी?"

"टाकते की. आलं घालू?"

"घाला. सावकाश होऊ द्या."

वहिनी आत गेल्या. कॉम्प्युटर कण्हत-कुंथत सुरू झाला. काकांनी पेन ड्राइव्ह खोचला. एवढ्या जुन्या मशीनला तो ओळखू येईल की नाही अशी शंका होती. पण त्यानं लगेच दिवा लुकलुकवला आणि पडद्यावर हजेरी लावली. फाईलीही जागच्या जागी होत्या, सगळ्या, अगदी मूळ. काकांनी खुर्ची पुढे ओढली. आता पुन्हा फजिती नको, म्हणून खात्री करायला त्यांनी सगळ्यात शेवटची फाईल उघडली.

दादा दिसले. कॅमेरा थोडा कलता असल्यामुळे ते खुर्चीतून हळूहळू घसरत असल्यासारखे वाटत होते. अंगात तोच बिनबाह्यांचा स्वेटर. बोलणं मध्येच सुरू झालं, गप्पांच्या भरात असल्यासारखं.

"...तर आता तुमचा धाकटा आजोबा. बारक्या. गुणी आहे हो. पण त्याला नुसतं बसता येत नाही. त्याला म्हटलं, ये रे जरा बसायला, की विचारतो, काही काम होतं का? आता दुखणेकऱ्याजवळ बसणं याला काम कसं म्हणायचं? मग मी एक युक्ती काढली. या कॉम्प्युटरच्या मागं एक निळ्या टोकाची वायर आहे. तिचे दोन स्क्रू फिरवायचे आणि द्यायची उपसून. मग फोन करायचा, बारक्या, कॉम्प्युटर बिघडला रे! की स्वारी हजर. टेबलाखाली शिरतो, डोकं आपटून घेतो, कंपनीला शिव्या घालतो. मग बाहेर येऊन ऐटीत चहा पितो आणि मला म्हणतो, दादा, तुला यातलं काही म्हणजे काही कळत नाही. मी म्हणतो, नाही रे बाबा."

दादा हसले. हसता हसता खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही. पाणी पिऊन त्यांनी पेला ठेवला आणि कॅमेऱ्याच्या जवळ येऊन आवाज उतरवला.

"त्याला सांगू नका हं कोणी. लाजेल."

काकांचं बोट माऊसवर होतं. बंद करायला एकदा दाबलं की पुरे, पण बोट हललं नाही. दादा मागे टेकले आणि कुठल्याशा पोहायला गेलेल्या दिवसाची गोष्ट सांगू लागले, ज्यात बारक्या बुडता बुडता वाचला होता आणि घरी येऊन दादाच बुडत होता असं सांगत सुटला होता. काका पडद्याकडे बघत नव्हते. पँटीच्या गुडघ्यांवर धूळ नव्हतीच, तरी ते ती झटकत होते.

दारात कप वाजले. वहिनी ट्रे घेऊन उभ्या होत्या. किती वेळ, ते कळायला मार्ग नव्हता. चहावर साय धरू लागली होती.

"वहिनी," काका म्हणाले. आंघोळीत जुळवलेलं एकही वाक्य वेळेवर आलं नाही. "त्या सीड्या..."

"माहीत आहे मला."

"रिकाम्या आहेत."

"माहीत आहे हो. लेकीचा दुसऱ्याच दिवशी फोन आला होता. म्हणे, आई, काकाच्या सीडीत काहीच नाही. मी इथं लावून पाहिली तर छान चालली. तेव्हा लक्षात आलं." त्यांनी कप पुढे केला. "तुमची सीडी जगात एकाच घरात चालते, भाऊजी."

काकांना हसू आलं असतं तर बरं झालं असतं.

"मग मला बोलला का नाहीत? मी सगळीकडे मिरवत होतो. मेहुण्यांना तर मी... काय काय बोललो त्यांना."

"काय बोलायचं?" वहिनी पलंगाच्या कडेवर टेकल्या. "मी हे सगळं ऐकलं होतं ना आधी. तुम्ही म्हणालात घरोघरी वाटतो, तेव्हा मी धसकलेच. म्हटलं, त्यांनी वायरीचं सांगितलंय ते आता सगळे ऐकणार. तुम्हाला नको तरी कसं म्हणू? आणि तुम्ही तर म्हणालात, मी पाहिलंय सगळं, डोळे भरून आले." त्यांनी ट्रे बाजूला ठेवला. "तेव्हाच कळलं मला, तुम्ही पाहिलेलं नाही ते. मग सीड्या रिकाम्या निघाल्या, तर म्हटलं, बरंच झालं, झाकली मूठ."

पडद्यावर दादा अजून पोहतच होते. काकांनी चहाचा घोट घेतला. आलं जास्त झालं होतं. दादांना तसंच लागायचं.

"घ्या ना उतरवून," वहिनी म्हणाल्या. "त्यासाठीच आलात ना? मी काही म्हणणार नाही. लेकीला पाठवते एक. बाकीच्यांना तुम्ही काय ते ठरवा."

काकांनी चहा संपवला आणि पेन ड्राइव्हकडे पाहिलं. त्याचा दिवा तयारीत लुकलुकत होता. त्यांनी तो उपसला आणि खिशात टाकला.

"आज नाही जमायचं," ते म्हणाले. "मशीन फार जुनं आहे, वहिनी. हे त्याला ओळखूच येत नाहीये. काहीतरी शोधून आणावं लागेल. उद्या येतो."

"उद्या?"

"उद्या जमेलच असं नाही. परवाही यावं लागेल कदाचित."

मघाशी दिवा लुकलुकत होता त्या रिकाम्या जागेकडे वहिनींनी एकदा पाहिलं. मग त्यांनी काकांचा रिकामा कप उचलला आणि त्या दारापाशी जाऊन वळल्या.

"या की," त्या म्हणाल्या. "फक्त ते स्क्रू एवढे आवळत जाऊ नका, भाऊजी. माझ्या बोटांत आता जोर राहिला नाही."

काकांनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला. बॅटरी त्यांनी टेबलावरच राहू दिली आणि ते पुन्हा खाली वाकले.