कोंडाजींची बाभळीची काठी

मी एक जुनी बाभळीची काठी आहे. मित्रांनो, चिंचवडजवळ कोंडाजींचं शेत होतं. ते कारखान्यासाठी गेलं, तेव्हा बांधावरची बाभूळ पाडण्याआधी त्यांनी तिची एक फांदी तोडून घेतली, तासली, तिला तेल पाजलं. ती मी. पुढं कितीतरी वर्षं आम्ही दोघं रोज चावडीवर जायचो. "काठी असावी तर अशी," लोक म्हणायचे. मला फार अभिमान वाटे.

मग कोंडाजींचे पाय फरफटू लागले, हात कापू लागले. घरात नसलेली वासरं त्यांना दिसू लागली. वासरू चुकवायला ते एकदम बाजूला व्हायचे अन् तोल जायचा. मी सावरायची.

शेजारचे धोंडीबाही भ्रमिष्ट झाले होते, पण त्यांचं दुखणं निराळं. पाय खणखणीत, आठवण मात्र गेलेली. वाट चुकायचे अन् कुठंतरी चरात पडायचे. लोक हळहळायचे. कोंडाजींना सगळ्यांची नावं पाठ. त्यांच्यासाठी कुणी हळहळलं नाही.

सून प्रभावती चिडायची, "धोंडीबाआबांना पोटची लेक वळखू येत न्हाई. तुमाला समदं आठवतं, मामंजी. मंग ही नाटकं कशापायी?"

एके दिवशी चुलीजवळचं वासरू हाकलायला त्यांनी मला फिरवलं, ती मी प्रभावतीच्या नडगीवर बसले. रक्त पाहून मुलगा उद्धव संतापला. शिफ्टला निघताना त्यानं मला माळ्यावर फेकलं.

"काठी दे रं, उद्धवा. पडंन मी."

"मारायला पायजे व्हय? बसा गप!"

दुपारी कोंडाजी भिंत धरून मोरीकडे निघाले. मधेच थबकले, झटकन बाजूला झाले. हाताला काहीच लागलं नाही. माळ्यावरून मी हाड मोडल्याचा आवाज ऐकला.

प्रभावती धावली. "वासराला लागलं न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, मामंजी," त्यांचं वासरू पहिल्यांदाच खरं मानून ती म्हणाली अन् रडू लागली.

घरी तपासायला आलेले डॉक्टर उद्धवला म्हणाले, "आठवण शाबूत आहे म्हणजे आजार नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला? अन् यांची काठी कुठं होती?"

उद्धवनं वर माळ्याकडे पाहिलं.

मोडलेला खुबा जुळलाच नाही. उद्धवनं मला अंथरुणाशेजारी आणून ठेवलं. कोंडाजींनी चाचपून मला ओळखलं.

"आता कशाला रं दिलीस?" ते म्हणाले. उन्हाळा संपायच्या आत ते गेले.

मित्रांनो, हल्ली मी दाराला अडसर म्हणून पडून असते. मला कीड लागली तरी चालेल. पण तुमच्या घरातलं म्हातारं माणूस नसलेलं काही चुकवू लागलं, तर त्याला ढोंगी म्हणू नका. आधी हात द्या. रागाच्या भरात त्याचा आधार काढून घ्याल, उद्या पस्तावून परतही द्याल. पण तो धरून उभं कोण राहणार?