दोन बोटांचं अंतर

मी एक जुना पितळी ओळंबा आहे. आज मी फार खुशीत आहे, तेव्हा मित्रांनो, बोलता बोलता माझा वेग वाढला तर समजून घ्या. एरवी मी शांत. लटकायचं आणि स्थिर व्हायचं, एवढंच माझं काम. तुमच्यातल्या अनेकांनी मला पाहिलंही नसेल. माझा आकार भोवऱ्यासारखा, डोक्यात भोक, भोकातून ओवलेली दोरी आणि दोरीत वर माझ्याच जाडीचा एक लाकडी ठोकळा. गवंडी तो ठोकळा भिंतीला वर टेकवतो आणि मला खाली सोडतो. मी भिंतीला जेमतेम शिवलो, तर भिंत सरळ. लांब राहिलो, तर भिंत पुढे झुकलेली.

माझा जन्म निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर दीडेक वर्षाने झाला. एका जहागीरदारांच्या हवेलीतलं पितळ मोडीत निघालं होतं. त्यातली एक पिकदाणी ओताऱ्याच्या भट्टीत वितळली आणि तिचा मी झालो. म्हणजे आदल्या जन्मी मी लोकांच्या पानाच्या पिचकाऱ्या झेलत होतो. हसा खुशाल. मलाही हसू येतं.

मला विकत घेतलं मुंजाबाने. तो हर्सूलच्या माळावर मेंढरं वळणारा. पुढे शहरात दगडचुन्याचं काम शिकून गवंडी झाला. दिवस संपला की तो मला पटक्याच्या शेवाने पुसायचा आणि म्हणायचा, "मेंढरू चुकलं तर हाकेला येतं. भिंत चुकली की येत नाय." त्याच्याबरोबर मी चुन्याच्या भिंती पाहिल्या, मग सिमेंटच्या, मग सिडकोतली नवी घरं. नवीन भिंतीला शिवताना मला दरवेळी गुदगुल्या व्हायच्या.

मुंजाबाचा मुलगा एसटीवर ड्रायव्हर झाला. पण सून म्हाळसाबाई सासऱ्याच्या हाताखाली घमेली वाहायची. एकदा ती खालूनच म्हणाली, "मामा, खाली एक बोट सुटलंय." मुंजाबाला ते दिसलंच नव्हतं. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि तो कुणाला सांगत नव्हता. त्याने खाली उतरून बोट लावून पाहिलं आणि मला तिच्या हातात दिलं. बाकीचे गवंडी हसले. मुंजाबा म्हणाला, "तिची नजर बगा, मग हसा." त्या दिवशी मला इतका अभिमान वाटला की मी बराच वेळ स्थिर होईना.

मग दिवस फिरले. मुंजाबा गेला. बांधकामावर लाल उजेडाची रेघ मारणारं यंत्र आलं. म्हाळसाबाईंचे गुडघे दुखू लागले. त्यांनी एके दिवशी मला दाराच्या पडद्याला बांधून टाकलं, वाऱ्याने पडदा उडू नये म्हणून. कित्येक वर्षं मी चौकटीवर आपटत राहिलो. कुणाला माझी आठवण नव्हती. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत बद्रीनाथ आणि आशाबाई हे जोडपं भाड्याने राहायचं. ती मूळची देवगाव रंगारीची माणसं. बद्रीनाथ कंपनीत कामाला होता. शहरात स्वतःचं घर व्हावं म्हणून त्याने वाटणीची दोन एकर विकली होती. एका सोमवारी आशाबाई नाचतच आमच्या दारात आल्या.

"मावशी, घर ठरलं! ह्यांच्या थोरल्या बहिणीच्या सासरचे तात्यासाहेब हायेत ना, त्यांचंच. लई झकास. नवा रंग, पुढं तुळस. गुरुवारी नारळ फोडून इसार द्यायचा."

"घर नीट पाह्यलं का?" म्हाळसाबाईंनी विचारलं.

"व्हय तर. त्यांनी पुरणपोळीचं जेवण केलं. माझी ओटी भरली. मग फिरून पाह्यलं."

"किती येळ?"

"पाव घंटा आसंल. जेवल्यावर भिंती ठोकून बघायच्या व्हय? ननंदंच्या सासरचे ते. मानपान आसतो, मावशी."

म्हाळसाबाई हसल्या. "बद्रीनाथनं बैल घेतला तवा बाजारात तीन फेऱ्या मारल्या, आसं तूच सांगत होती. दात पाह्यले, चालवून पाह्यला, बसवून पाह्यला. अन् घर पाव घंट्यात?" मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "तिथं पाणी कवा येतं?"

मित्रांनो, आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. कुठे चौथ्या दिवशी येतं, कुठे सहाव्या. त्यामुळे अंगणाखाली हौद हवाच. आणि कोरड्या दिवशी पाहिलेलं घर हे अर्धंच पाहिलेलं घर असतं. आशाबाईंनी तिथल्या शेजारणीला फोन लावला. पाणी नेमकं गुरुवारीच, सकाळी दहाला येणार होतं.

"मग मलाबी न्या," असं म्हणून म्हाळसाबाईंनी पडद्याची गाठ सोडली. माझी गाठ! मला चिंच लावून घासलं, राखेने पुसलं, नवी दोरी ओवली. मला वाटलं, मी पुन्हा ओताऱ्याच्या दुकानातून बाहेर पडतोय.

गुरुवारी तात्यासाहेबांच्या अंगणात आशाबाईंच्या पिशवीत नारळ आणि कुंकू होतं, आणि म्हाळसाबाईंच्या पिशवीत मी. मला बाहेर काढताच बद्रीनाथचा चेहरा पडला. तो हळूच म्हणाला, "मावशी, राहू द्या. ताईला सासरी तोंड दाखवायचंय."

तात्यासाहेब हसले, पण कोरडं. "आमची परीक्षा घेता व्हय?"

"तुमची कामून घेऊ? भिंतीची घेते," म्हाळसाबाई म्हणाल्या.

इतक्यात नळाला पाणी आलं. हौद भरला. तात्यासाहेबांनी नळ बंद केला. म्हाळसाबाईंच्या सांगण्यावरून आशाबाईंनी बोटावर कुंकू घेतलं आणि हौदात वाकून पाण्याच्या काठाला लागून एक रेघ ओढली. "आता घंटाभर कुणी या पाण्याला हात लावू नका," म्हाळसाबाईंनी बजावलं.

गुडघे धरत त्या गच्चीवर चढल्या. हौदाकडच्या भिंतीला छज्जा नव्हता. त्यांनी ठोकळा भिंतीला टेकवला आणि मला सोडलं. इतक्या वर्षांनी मी हवेत उतरत होतो! अंगावर ऊन, खाली काळी माती, समोर नवाकोरा पिवळा रंग. मी डोललो, गिरकी घेतली, हळूहळू थांबलो. आणि भिंत मला लागली नाही.

"बद्रीनाथ, बोट लावून बघ," वरून आवाज आला.

बद्रीनाथने माझ्या आणि भिंतीच्या मध्ये एक बोट घातलं. मग दुसरं घातलं. दोन्ही सहज मावली. तो तसाच बोटं अडकवून उभा राहिला.

तासाने हौदाचं झाकण उघडलं. कुंकवाची रेघ कोरडी, जिथल्या तिथे होती. पाणी तिच्या खाली वीतभर गेलं होतं. म्हाळसाबाईंनी समजावलं, "हौद गळतोय. ह्ये पाणी पायाखालच्या काळ्या मातीत जातं. माती फुगते, वाळली की बसते. भिंत तिच्यामागं चालली."

तात्यासाहेब लाल झाले. "हौद लवकर रिकामा होतो, मला वाटायचं पोरंच पाणी उडवतात. अन् बद्रीनाथ, सोयऱ्याच्या दारात तू गवंडीण घेऊन आला?"

मी दोरीवर घट्ट होऊन ऐकत होतो. बद्रीनाथ म्हणाला, "तात्यासाहेब, तुमचा राग आज ना उद्या जाईल. आमची दोन एकर पुन्हा येणार नाय. ह्ये घर आम्हाला जमणार नाय."

आशाबाईंनी नारळ पिशवीतून काढला आणि आत जाऊन तात्यासाहेबांच्या देवापुढे ठेवला. "नारळ माघारी नेत नाय. घराचं जमलं नाय, नातं हाय तसंच हाय," असं म्हणून त्या बाहेर आल्या.

पुढे ताईला सासरी दोन सण टोमणे ऐकावे लागले. बद्रीनाथ मात्र कामाला लागला. घर पाहायचं तर तीन वेळा: एकदा भर उन्हात, एकदा पाण्याच्या दिवशी, एकदा पाऊस उघडल्यावर. मी प्रत्येक वेळी बरोबर असायचो. अकराव्या महिन्यात एक घर मिळालं, रंग नसलेलं, दिसायला अगदी ओबडधोबड. तिथे मी भिंतीला शिवलो. जेमतेम, हवा तेवढाच. वास्तुशांतीला आशाबाईंनी आधी देवाला कुंकू लावलं आणि मग मला.

आणि आज सकाळी काय झालं ऐका. म्हाळसाबाईंच्या दारात तात्यासाहेब उभे! बसले, पाणी प्यायले, टोपी सारखी केली. मग म्हणाले, "हौद दुरुस्त केला बरं का मी. पण काम येगळंच हाय. लेकीला गंगापूरला घर घ्यायचंय. विकणारे आमचे व्याहीच." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मला बोलता येणार नाय. हा बोलंल."

म्हाळसाबाई खो खो हसल्या. तात्यासाहेबही हसले.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, घरं घ्याल. तेव्हा गोड जेवा, मान राखा, नात्यावर प्रेम करा. पण नारळ फोडायच्या आधी भिंतीला हात लावा, हौदात वाकून बघा, आणि विचारायला लाजू नका. आणि तुमच्या घरात माझा एखादा भाऊ खिळ्यांच्या डब्यात पडला असेल, तर त्याला पुसून नवी दोरी घाला. त्याला फक्त एवढंच हवं असतं.

मी आता पिशवीत बसलोय. गंगापूरची जीप अजून भरायची आहे. तिकडे नळाला पाणी किती वाजता येतं, हे म्हाळसाबाईंनी निघण्याआधीच विचारून घेतलं आहे.