जिभेवरचा थेंब

तुळसाआजीच्या काढ्याचा वास पहिल्यांदा नाकात गेला तेव्हा मी तिच्या शिराळ्यांच्या मांडवाखालीच ओकले. ठेचलेला लसूण, ओवा, कडुलिंबाचा पाला आणि आठ दिवस आंबवलेलं ताक, सगळं एका निळ्या पिंपात. मोहन्याला नदीकाठी तिचा भाजीचा मळा आहे. शेजारच्या गावातल्या वेलींची पानं करप्याने काळी पडली होती, हिची हिरवीगार. डोंबिवलीहून आलेली शिकलेली पोर ताकाच्या वासाने आडवी झाली, याची आजीला फार मजा वाटली.

"वकलीस ना? मंग तयार झाला," असं म्हणत तिने पिंपात बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. "माज्या जिबेला चालला तं वेलीला चालंल. सकाली मारायचा, सांजला भाजी तोडायची न् रांधायची."

फवारणीआधी थेंब चाखायचा ही तिच्या सासूची शिकवण. त्या गावात सगळेच तसं करतात. हे मला माहीत होतं, एवढं लक्षात ठेवा.

मी तो काढा माजिवड्याला आमच्या शेतीऔषधांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत आणला. बशीत करप्याची बुरशी वाढवली आणि मधोमध काढ्याचा थेंब ठेवला. बुरशी थेंबाच्या आसपासही फिरकली नाही. लसूण ठेचल्यावर त्यात तयार होणारं गंधकयुक्त द्रव्य आणि ओव्यातलं थायमॉल, त्या दोन्हींची ती करामत. त्या दिवशी मी खरोखर नाचले होते.

पण बाटलीत भरला की दोन महिन्यांत काढ्याचा गुण उडायचा, आणि दुकानदाराला वर्षभर टिकणारा माल हवा. आमचे मालक सलिल सर यांनी गुपचूप तोड काढली. एका तपासणीत मला बाटलीत रासायनिक बुरशीनाशक सापडलं. ते मारल्यावर दहा दिवस भाजी तोडायची नसते.

"अगं हेमांगी, चवीपुरतंच आहे," सर बडीशेप चघळत म्हणाले. "आणि तो घाणेरडा वास गेला की नाही बघ. रिपोर्टवर 'शंभर टक्के वनस्पतिजन्य' लिही, सही कर. पुढच्या महिन्यापासून लॅबची हेड तू."

मी सही केली. माझ्या वळणदार अक्षरात, तारखेसकट. आजीच्या पिंपाजवळ ओकलेली मी, ही सही करताना मात्र ढेकरही न देता बसले होते. शी!

बाटलीवर आजीचा फोटो आला, जिभेवर बोट ठेवलेला, आणि खाली ठळक अक्षरांत 'चाखून मारा'. ती ओळ सरांची. जाहिरातीतलं कोण एवढं मनावर घेतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

गेल्या शनिवारी ठाण्यात एका हॉलमध्ये ही बाटली बाजारात आणण्याचा मोठा समारंभ झाला. आजी ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. सरांनी तिला शाल दिली, वाकून नमस्कार केला आणि बाटलीचं बूच उघडून पुढे धरलं. "आजी, आता तुमच्या पद्धतीने उद्घाटन!" फोटोवाले पुढे सरसावले. सर मात्र हात रुमालाला पुसत होते. एकेक बोट, नखांच्या फटींसकट.

आजीचं बोट जिभेपाशी पोचलं तशी मी धावत जाऊन तिचा हात धरला.

"हेमांगी, प्लीज, सीन नको," सर दातांतल्या दातांत म्हणाले.

"का गो?" आजी म्हणाली. "माजाच फोटू हाय ना यावर?"

"आजी, यात विष मिसळलंय. मला माहीत होतं. चांगलं आहे म्हणून सही मीच केलीय."

आजीने बोट लुगड्याला पुसलं. मग बाटलीवरचा स्वतःचा फोटो नखाने खरवडायला लागली. तो निघेना. कागद उत्तम प्रतीचा होता, गोंदही.

"परवा तुमचा मानूस बाटल्यांची पेटी देऊन गेला," ती हळूच म्हणाली. "फुकट. आख्ख्या गावाला मीच वाटली. सगल्यांना सांगितला, आपलाच काढा हाय, चाखून मारा."

पेटीचं मला कोणी सांगितलं नव्हतं. मी सरांकडे पाहिलं. ते फोटोवाल्यांना चहाकडे वळवत होते.

आजीने पिशवीतून मोबाइल काढून माझ्या हातात कोंबला. "लाव. शेजारच्या दर्शनाला पयला. तिची भाजी कालच तोडून झाली, पोरांनी खाल्ली पन असंल. मंग बाकीच्यांना. एकेकाला."

"आजी, तुम्ही बोला ना. तुमचं ऐकतील."

"माजाच आयकला त्यांनी," ती म्हणाली. "आता तू सांग. सही तुजी हाय."

मी नंबर लावला. पलीकडे दर्शनाने पहिल्याच रिंगला उचलला.

"काय गो काकू," ती हसत ओरडली, "घातला का हार तुला?"